घरात वाचणारे तीन, यंत्र एकच चालेल का?

प्रश्न: आम्ही कर्वेनगरला राहतो. माझे सासरे, आप्पा, वय ७४, बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज दोन-तीन तास वाचतात. नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयाचे जुने सभासद, पण गुडघ्यांमुळे पुस्तक बदलायला जाणं आता होत नाही. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली, बारीक टाइप वाचवत नाही. मुलगी एमपीएससीचा अभ्यास करते. तिचं सगळं पीडीएफमध्ये असतं, ते मोबाइलवर वाचून डोकं दुखतं म्हणते. मी नळ स्टॉपहून कल्याणीनगरला मेट्रोने जाते, तेवढ्या वेळात काहीतरी चांगलं वाचावंसं वाटतं. २५ हजार बाजूला काढलेत. हे म्हणतात, दहा हजारांचा टॅब घे, सगळ्यांचं भागेल. मैत्रीण म्हणते, किंडलच घे, टॅबने आप्पांचे डोळे जातील. तिघांना चालेल असं एकच काय घ्यावं? आणि आप्पांना ते जमेल का?
– एक वाचक, कर्वेनगर

ताई, नमस्कार.

एक यंत्र तिघांत फिरवायचा बेत आधी सोडून द्या. पैशांचं नंतर बघू, आधी घरातलं वेळापत्रक बघा. आप्पा वाचणार दुपारी आणि रात्री जेवणं झाल्यावर. मुलगी वाचणार दिवसभर आणि रात्री जेवणं झाल्यावर. परीक्षेला बसलेल्या नातीच्या हातातून आजोबा टॅब मागून घेतील, असं मला तरी वाटत नाही. महिन्याभरात तो टॅब तिचा होईल, आप्पा गेल्या वर्षीचा दिवाळी अंक पुन्हा काढून बसतील आणि तुम्ही मेट्रोत आहे तो मोबाइलच बघत राहाल.

मग तीन घ्यायची का? तेही नको. तुमच्या तिघांपैकी एकाला काहीच विकत घ्यायची गरज नाही. ते कोण, ते पुढे सांगतो.

या खरेदीला निघालेली माणसं यंत्रांची तुलना करत बसतात. ह्याची बॅटरी किती, त्याची स्क्रीन किती, कुणाला किती तारे मिळालेत. तुम्ही यंत्र बाजूला ठेवा आणि तुमचे तिघे जी पानं वाचणार आहेत ती समोर घ्या. ती किती मोठी आहेत, कुठून मिळतात आणि त्यांना कुणाचं कुलूप आहे, एवढं कळलं की निवड जवळजवळ झालीच.

मुलीपासून सुरुवात करू, कारण तिचं सगळ्यात सोपं आहे.

तिच्याकडे काय असेल? महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, एनसीईआरटीची आणि बालभारतीची फुकट उतरवून घेतलेली पाठ्यपुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिका आणि अभ्यासिकेतल्या मैत्रिणींनी ग्रुपवर टाकलेल्या स्कॅन केलेल्या नोट्स. यातलं बरंचसं ए-फोर आकाराच्या पानावर किंवा त्याच्या आसपास. पीडीएफचं पान म्हणजे कागदाचा फोटो समजा. स्क्रीन लहान असली की अख्खं पान लहान होतं. अक्षरं मोठी करून ओळी पुन्हा मांडल्या जात नाहीत.

हे दुकानात न जाता बघता येतं. आर्थिक पाहणीतलं तक्ता असलेलं एखादं पान छापून घ्या आणि कुठल्याही झेरॉक्सवाल्याला सांगा, याची एक प्रत ५० टक्के काढ आणि एक ७० टक्के. पन्नास टक्क्यांची प्रत जेवढी येते तेवढं पान सात इंची ई-रीडरवर, म्हणजे किंडलसारख्या फक्त वाचायच्या यंत्रावर, दिसणार. सत्तर टक्क्यांची प्रत म्हणजे अकरा इंची टॅब. दोन्ही कागद ट्यूबलाइटखाली हातात धरा. पन्नास टक्क्यांच्या प्रतीत तक्त्यातला ३ की ८ हे ठरवायला कागद नाकाशी न्यावा लागतो, जोडाक्षरांचा गोळा होतो आणि अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, तेही कळत नाही. पाच-दहा रुपयांत निकाल लागतो. टॅब आडवा धरला तर आणखी गंमत आहे: सोळाला दहा या प्रमाणातल्या अकरा इंची स्क्रीनची लांब बाजू साधारण साडेतेवीस सेंटिमीटर भरते आणि ए-फोर कागदाची रुंदी आहे २१. म्हणजे पान छापील कागदापेक्षाही मोठं दिसतं, फक्त अर्धं अर्धं वर सरकवत वाचायचं.

तुमची मैत्रीण इथे म्हणेल, पण पीडीएफ किंडलला पाठवली की अक्षरं मोठी करता येतात की! येतात, पण सगळ्या पीडीएफची नाही, आणि मराठीत तर फारच थोड्यांची. याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी माणसाला ते हमखास आडवं येतं आणि दुकानदार कधी सांगत नाही.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायची एकच मान्य पद्धत, रुळण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप व्हायचा. ते पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं. सी-डॅकचं आयएसएम होतं, तेही पुण्यातलंच. अनेक छापखाने आणि कार्यालयं अजून त्यावर काम करतात. त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, वर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. पीडीएफमध्ये तो फॉन्ट सोबत बांधलेला असतो म्हणून पान झकास दिसतं. पण ई-रीडरने त्यातला मजकूर सोडवून मोठा करायला घेतला की मुखवटा गळून पडतो, आणि आप्पांच्या हातात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी येते. त्या फाइलमध्ये शब्दही शोधता येत नाही.

आपल्या फाइल कुठल्या जातीच्या आहेत हे ओळखायला मुलीला सांगा: मोबाइलवर पीडीएफ उघड, एका ओळीवर बोट दाबून धर, कॉपी कर आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठव. मराठी जशीच्या तशी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली तर चालायचंच. इंग्रजी खिचडी आली तर जुना फॉन्ट. ओळ निवडलीच जात नसेल तर तो नुसता स्कॅन, म्हणजे फोटो. शेवटच्या दोन प्रकारांत पान आहे तसंच बघावं लागतं, दुसरा इलाज नाही. तिच्या दहा फाइल अशा तपासा. मला खात्री आहे, त्यातल्या निम्म्यांहून जास्त मोठी स्क्रीन मागतील.

तेव्हा मुलीला टॅब, अकरा इंचांच्या आसपासचा. पंधरा ते वीस हजारांत चांगल्या कंपनीचा मिळतो.

आता तुमच्या ह्यांचा दहा हजारांचा टॅब. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सिनेमा बघायला तो ठीकच असतो. वाचायला घेताना मात्र डब्यावरची एक ओळ त्यांना वाचायला लावा, रिझोल्यूशनची. १२८० बाय ८०० असं लिहिलेलं असेल आणि स्क्रीन दहा इंची असेल, तर एका इंचात जेमतेम १५० ठिपके बसतात. १९२० बाय १२०० असेल तर अकरा इंचीवर दोनशेच्या वर जातात. इंग्रजी अक्षर दीडशेत निभावून नेतं. देवनागरीत मात्र अक्षराच्या वर मात्रा आणि रफार, खाली उकार, पोटात जोडाक्षर. ‘राष्ट्रीयीकृत’ सारखा शब्द दीडशे ठिपक्यांत बारीक टाइपात बसवला की कडा फुटतात. चार तास तसं वाचलं की डोकं दुखणारच, आणि ते तर मोबाइलवर आत्ताही दुखतंच आहे. १९२० बाय १२०० च्या खाली जाऊ नका. रॅम सहा जीबी बघा, चारमध्ये जड स्कॅन उघडताना टॅब विचारात पडतो. साठवण १२८ जीबी भरपूर झाली. सिमकार्डवाला घेऊ नका, मोबाइलचं हॉटस्पॉट आहे. अँड्रॉइडची अद्ययावत आवृत्ती किती वर्षं मिळणार, हे दुकानदाराला विचारा. सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर बघा.

स्टायलसबद्दल तिने हट्ट धरला तर? सॅमसंगच्या काही टॅबबरोबर पेन डब्यातच येतं, आयपॅडला ते वेगळं विकत घ्यावं लागतं. समासात टिपा काढायला छान आहे. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. उत्तरं कागदावर, पेनाने, वेळ लावून लिहायची आहेत. काचेवर लिहून हात तयार होत नाही. त्यासाठी जास्तीचे चार-पाच हजार घालण्यापेक्षा फुलस्केपचे गठ्ठे आणा. (आणि टॅबवर ती अभ्यासच करते ना, हे बघायला खोलीत डोकावू नका. मोबाइल तिच्याकडे आधीपासून आहे.)

आप्पांचं जरा निवांत बघू. आधी डोळे, कारण मैत्रिणीने तुम्हाला घाबरवून सोडलंय.

टॅबने डोळे जात नाहीत. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने नेत्रपटल खराब होतं असं दिसून आलेलं नाही, आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटना निळा प्रकाश अडवणारे चष्मे घ्या असं सुचवतही नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः स्क्रीनकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून. ते कुठल्याही स्क्रीनवर होतं. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघायचं, थोडा वेळ डोळे मिटायचे, हा फुकटचा उपाय आहे. मोतीबिंदूनंतर बसवलेली साधी लेन्स बहुधा लांबच्या नजरेसाठी असते, त्यामुळे वाचायला चष्मा लागतोच. आप्पांच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर ऑपरेशननंतर तपासलाय का? नसेल तर यंत्र घ्यायच्या आधी तेवढं करा. पुस्तकातला टाइप बारीक आहे की चष्मा जुना आहे, हे कळायला पाहिजे. आणि डोळ्याचं आणखी काही दुखणं असेल, पडद्याचं वगैरे, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. काही रुग्णांना काळ्या पार्श्वभूमीवर मोठी पांढरी अक्षरं असलेला उजळ टॅबच सोयीचा पडतो.

डोळे चांगले असतील तर मात्र आप्पांना ई-रीडर आवडेल, आणि त्याची कारणं मैत्रिणीच्या कारणांपेक्षा वेगळी आहेत. ई-इंक स्क्रीनमध्ये केसाच्या जाडीएवढ्या लहान कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेचा भार दिला की त्यातला एक रंग वर येतो नि दुसरा खाली बसतो. एकदा पान उमटलं की ते तसंच राहतं, धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान उलटताना आणि दिवा लावला असेल तर त्याला. म्हणून एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. अक्षर बाहेरच्या प्रकाशात दिसतं, कागदावर दिसतं तसंच, त्यामुळे गॅलरीत दुपारच्या उन्हात टॅबचा आरसा होतो तसा याचा होत नाही. आत जो दिवा असतो तो कडेने स्क्रीनच्या पृष्ठभागावर पडतो, मागून डोळ्यांत येत नाही.

वजन हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सात इंची ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आसपास, अकरा इंची टॅब पाचशेच्या आसपास, वर कव्हर. आडवं पडून वाचणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या मनगटाला हा फरक पहिल्या दिवशीच कळतो. एक करून बघा. अर्धा किलो साखरेची पिशवी आप्पांना एका हातात दहा मिनिटं धरायला सांगा. ते तुमच्याकडे कसे बघतील ते मी सांगू शकत नाही, पण उत्तर मिळेल.

तोटेही ऐका. रंग नाहीत, रंगीत ई-इंकवाले ई-रीडर आलेत, पण त्यात काळंपांढरं ३०० ठिपक्यांचं आणि रंग १५० चा असतो, वर रंग फिकट दिसतात. दिवाळी अंकातली चित्रं आणि व्यंगचित्रं त्यावर बघण्यात मजा नाही. पान उलटताना क्षणभर झाकोळल्यासारखं होतं. बोट लावल्यावर मोबाइलसारखं झटकन काही घडत नाही, आणि आप्पा दोन वेळा जास्त दाबून तीन पानं पुढे जातील. आठवड्यात सवय होते.

पण हे सगळं व्यर्थ आहे, जर त्यांना हवी असलेली पुस्तकं त्यावर मिळतच नसतील तर. माझ्या मते तुमच्या पूर्ण प्रश्नाची ग्यानबाची मेख ही आहे.

मराठी ई-पुस्तकं एका ठिकाणी नाहीत. किंडलवर मराठी डिसेंबर २०१६ मध्ये आलं आणि मोठ्या प्रकाशकांची बरीच पुस्तकं तिथे आहेत. बुकगंगा या पुण्याच्याच पुस्तकविक्रीच्या साइटवर मराठीचा साठा दांडगा, पण तिथे घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्या ॲपमध्येच उघडतं, किंडलवर नेता येत नाही. किंडलचं पुस्तकही किंडलच्या यंत्रावर नाहीतर किंडलच्या ॲपमध्येच. दोघांचं कुलूप वेगळं, किल्ल्या बदलून चालत नाहीत. फुकटातलंही भरपूर आहे: ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने साइटवर ठेवलेले ग्रंथ. पण ती बहुतेक पीडीएफ, म्हणजे पुन्हा तीच पानाच्या आकाराची कटकट. वर सांगितलेली कॉपी करून बघायची युक्ती इथेही लावा.

म्हणून या रविवारी आप्पांजवळ वही घेऊन बसा. ‘तुम्हाला वाचायला काय आवडतं’ असं विचारू नका, त्यावर ‘काहीही चालतं’ हेच उत्तर येईल. ‘ग्रंथालयात जाता आलं असतं तर पुढची दहा पुस्तकं कुठली आणली असती,’ असं विचारा. दहा नावं लिहून घ्या आणि किंडलच्या दुकानात व बुकगंगावर, दोन्हीकडे शोधा. सहा-सात किंडलवर सापडली तर ई-रीडर घ्या. बुकगंगावरच सापडली तर आप्पांनाही टॅबच लागेल, आठ-नऊ इंची, हलका. आणि दोन्हीकडे नसतील तर काहीच घेऊ नका. जुन्या चरित्रांचे, प्रवासवर्णनांचे वाचक असतील तर हे सहज शक्य आहे, कारण त्यातलं बरंच अजून फक्त ग्रंथालयाच्या कपाटातच मिळतं. त्यांचं सभासदत्व कुठल्याही परिस्थितीत बंद करू नका. तुम्ही मेट्रोने जाताच आहात, परतताना महिन्यातून एकदा डेक्कनला उतरायचं, नदी ओलांडली की नारायण पेठ. बारीक टाइपाला एक चांगला वाचायचा दिवा आणि भिंग लावून बघा.

किंडलवर नाव सापडलं तरी लगेच पैसे भरू नका. पुस्तकाचा सुरुवातीचा भाग नमुना म्हणून फुकट मिळतो. तो तुमच्या मोबाइलवरच्या किंडल ॲपमध्ये उतरवा आणि अक्षरांचा आकार वाढवून बघा. ओळी नव्याने मांडल्या गेल्या तर पुस्तक नीट तयार केलेलं आहे. नुसतं पान फुगलं तर प्रकाशकाने छापील पानांचे फोटो चढवून दिलेत, ते ई-रीडरवर घेण्यात अर्थ नाही. जोडाक्षरं फुटलीत का, प्रत्येक ओळीत चुका आहेत का, हेही नमुन्यातच दिसतं.

समजा सहा-सात सापडली. मग किंडलमधला पेपरव्हाइट बघा. सात इंची आहे, इंचाला ३०० ठिपके, त्यामुळे मात्रा-रफार टोकदार दिसतात, आणि दिवा पिवळसर करता येतो, रात्री बरं वाटतं. आंघोळीच्या बादलीत पडला तरी चालतो म्हणतात. तुम्ही पाडू नका. त्याची भारतातली किंमत १७ हजारांच्या घरात, सणासुदीच्या सेलमध्ये खाली येते.

आता हिशेब करा. टॅब १६-१७, ई-रीडर १७, बेरीज २५ च्या बरीच वर. मी तुमच्या जागी असतो तर टॅब आत्ता घेतला असता, कारण परीक्षेची तारीख कुणासाठी थांबत नाही. उरलेल्या आठेक हजारांत आप्पांसाठी वापरलेला पेपरव्हाइट शोधला असता. ई-रीडर घेऊन दोन महिन्यांत कपाटात टाकणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, त्यामुळे जुना म्हणून मिळणारा पुष्कळदा नवाच असतो. २०२१ चं किंवा त्यानंतरचं मॉडेल घ्या. त्यात पिवळसर दिवा आहे आणि मोबाइलचाच सी टाइप चार्जर चालतो. खाली जे छिद्र असतं ते बघूनच हे ओळखता येतं, जुन्यांना मायक्रो यूएसबी असायचं. विकणाऱ्याच्या समोर दिवा पूर्ण लावून बघा, स्क्रीनवर कुठे न हलणारी रेघ किंवा डाग आहे का. आणि त्याने स्वतःचं खातं त्यातून काढून टाकलंय याची खात्री करा, तुमच्या मोबाइलचं हॉटस्पॉट देऊन तिथल्या तिथे तुमच्या खात्याने उघडून बघा. उघडलं नाही तर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त देवो. ई-इंकची काच नाजूक असते, तेव्हा कव्हर त्याच दिवशी.

तेवढं जुळेपर्यंत दुपारी मुलगी अभ्यासिकेत नसेल आणि टॅब रिकामा असेल तेव्हा त्यावर किंडल ॲप टाकून आप्पांना एक पुस्तक वाचायला द्या. अख्खं पुस्तक संपवलं तर ई-रीडरवर पैसे घाला. ‘कागदाची मजा नाही’ म्हणून तिसऱ्या दिवशी परत दिलं, तर आठ हजार वाचले.

आणखी एक गोष्ट मी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ही पुस्तकं तुमची होत नाहीत, वाचायचा परवाना तुमचा होतो. घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची सोय किंडलवाल्या ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून टाकली. आप्पांना वाचून संपवायच्या कादंबऱ्यांसाठी ते ठीक आहे. जे पुस्तक नातवंडांना द्यावंसं वाटेल ते अप्पा बळवंत चौकात जाऊन कागदाचंच आणा.

‘आप्पांना जमेल का?’ त्यांनी आयुष्यभर लेजर जुळवलीत, हे त्यांना जमेल. पण सुरुवात तुम्ही करून द्या. खातं तुमच्या नावावर काढा. वायफाय बंद ठेवा, म्हणजे दुकानाच्या जाहिराती आणि चुकून होणारी खरेदी दोन्ही टळतं. नवं पुस्तक पाठवायचं तेव्हा पाच मिनिटं चालू करा. अक्षरांचा आकार, समास, ओळींतलं अंतर त्यांच्या समोर बसून ठरवा, तुमच्या डोळ्यांनी नव्हे. एका वेळी तीनच पुस्तकं ठेवा. पन्नास दिसली की कुठलंच पूर्ण होत नाही, हे मी अनेक घरांत बघितलंय. आणि स्क्रीन कुठे दाबली की पान पुढे, कुठे दाबली की मागे, एवढंच पहिल्या आठवड्यात शिकवा. शब्दाखाली रेघ मारणं, टिपा, शोध हे त्यांनी विचारलं तरच.

राहिला तो तिसरा वाचक, म्हणजे तुम्ही. तुम्हाला काहीही घ्यायला नको. मेट्रोत एक हात वरच्या दांडीला असतो, दुसऱ्यात पर्स सांभाळत अकरा इंची टॅब उघडायला जागा कुठून आणणार? कादंबरी मोबाइलवर उत्तम वाचता येते, कारण तिची अक्षरं मोठी होतात आणि ओळी पुन्हा जुळतात. पीडीएफचा त्रास तिला नाही. ॲप टाका, पार्श्वभूमी फिकट पिवळी करा आणि नळ स्टॉपला गाडीत चढताना व्हॉट्सॲपच्या सूचना बंद करा. गर्दीत उभं राहून मोबाइलही काढवत नसेल तर स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला आहेत, त्याचे दर महिन्याला पैसे पडतात. आप्पांचे डोळे थकतील त्या दिवशी त्यांनाही उपयोगी येईल.

एकाच खात्यावर असलात की एकदा घेतलेलं पुस्तक आप्पांच्या ई-रीडरवर, मुलीच्या टॅबवर आणि तुमच्या मोबाइलवर, तिन्हीकडे उघडतं. त्यात एक खोच आहे. तुम्ही आणि आप्पा एकच कादंबरी वाचायला घेतलीत, तर यंत्राला वाटतं वाचणारा एकच आहे. आप्पा चाळिसाव्या पानावर असताना वायफाय लागलं की ते विचारणार, तुम्ही दोनशे बाराव्या पानापर्यंत गेला होतात, तिकडे जायचं का? आप्पा ‘हो’ दाबतील, आणि रहस्यकथा असेल तर संध्याकाळी तुम्ही घरी आल्यावर तुमची खैर नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये वाचलेलं पान सगळीकडे जुळवण्याची सोय बंद करता येते. पहिल्याच दिवशी करून टाका.